दुसऱ्या आवाजाची जबाबदारी

महोदय,

प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या एकट्या माणसाचे गुणगान आपण सारेच करतो, विशेषतः तो हयात नसेल तर. तोच माणूस बैठकीत आपल्या शेजारी बसून सर्वांना अडचणीत आणणारा प्रश्न विचारत असतो, तेव्हा आपण काय करतो, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग सर्वश्रुत आहे. तीन रेघांपैकी नमुन्याच्या रेघेएवढी कोणती, इतकेच सांगायचे होते. पण खोलीतील एक जण वगळता बाकी सारे आधीच फितवलेले होते आणि ठरावीक फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत होते. एरवी या कामात शंभरात एखादीही चूक क्वचितच होई, पण या फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकली आणि जवळपास तीन चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी गटामागे गेले, तेही कोणी धमकावले नसताना.

या निष्कर्षावरून माणूस जात्याच मेंढरू असल्याचे सांगितले जाते. ते मला मान्य नाही, कारण त्याच प्रयोगात बहुसंख्य उत्तरे बरोबर होती आणि साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत. मला याहून महत्त्वाची वाटते ती ॲशने नंतर केलेली एक फेररचना. गटात खरे उत्तर देणारा फक्त एक साथीदार बसवताच गटामागे जाण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले. इतकेच नव्हे, तर तो साथीदार स्वतः चुकीचे, पण गटापेक्षा निराळे उत्तर देत असला, तरीही दबाव बराच ओसरला. म्हणजे एकमत मोडण्यासाठी त्याचे उत्तर बरोबर असण्याचीही गरज नव्हती.

असे असताना आपण धैर्याचा सारा भार पहिल्या बोलणाऱ्यावर टाकतो आणि तो एकाकी पडला की त्याच्या स्वभावाला दोष देतो. हेकट, विघ्नसंतोषी, प्रसिद्धीलोलुप ही विशेषणे तयारच असतात. (निव्वळ उठून दिसण्यासाठी विरोध करणारेही असतात, हे खरे, पण पाहणारे कोणी नसले की त्यांचा विरोध मावळतो, त्यामुळे ते ओळखणे अवघड नाही.) खरी उणीव असते ती दुसऱ्याची. ज्याला पहिल्याचे म्हणणे मनोमन पटलेले असते, पण जो बैठक संपल्यावर जिन्यात गाठून ‘तुमचेच बरोबर होते’ असे हलक्या आवाजात सांगतो, तो सज्जन मला उघड विरोधकापेक्षा अधिक घातक वाटतो, कारण त्याचे मौन सभेत संमती म्हणून मोजले गेलेले असते. असे अनेक जण एकमेकांच्या मौनाकडे पाहून आपण एकटेच असल्याचे समजतात आणि प्रत्यक्षात कोणालाच नको असलेला ठराव एकमताने संमत होतो.

यावर केवळ निर्भयतेचा उपदेश पुरणार नाही. ॲशच्याच प्रयोगात उत्तर मोठ्याने न सांगता लिहून देण्याची मुभा मिळाली, तेव्हा गटामागे जाणे पुष्कळच घटले होते. म्हणून संस्था, मंडळे आणि कार्यालये यांना माझे सुचवणे आहे की, महत्त्वाच्या विषयावर चर्चेपूर्वी प्रत्येकाचे मत लेखी घ्यावे, बोलण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून करावी आणि अध्यक्षांनी आपले मत अखेरीस मांडावे. विरोधी मत नोंदवणाऱ्याचे कारणही इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत यावे. ‘काही चर्चेनंतर ठराव संमत झाला’ या एका ओळीत ते बुजवले जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक