भजनानंतर दहा मिनिटं उठाबशांना द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वडगावची, वय ६७. निम्मं आयुष्य मागाच्या खडखडाटात कांड्या भरण्यात गेलं. गेल्या कार्तिकात काकड आरतीनंतर सगळ्या उठल्या आणि मला जमिनीवरून उठता येईना. देवळाचा खांब धरून उठले. त्याच महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. अजून वॉकरशिवाय चालत नाहीत.

त्यांच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीनं मलाही तपासलं. हात छातीवर बांधून, खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या बाईचा आकडा ११च्या खाली आला तर पडण्याचा धोका जास्त. माझा आला ६.

"दिवसभर राबतोय की, आणि कसला व्यायाम?" असं आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात. मीही म्हणायचे. पण चूल जाऊन ओटा आला, पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, गुडघे दुखतात म्हणून घरोघर कमोड बसले. खाली बसून उठणंच दिवसातून गेलं. भाकरी थापताना हात चालतात, मांड्या नाहीत. साठीनंतर स्नायू तसेही भराभर झिजतात. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, आणि किमान तीन दिवस ताकदीचे व तोलाचे व्यायामही. आमच्या इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला पुष्कळ जण जातात. तोलाचं मात्र कुणी मनावर घेत नाही.

मी त्यासाठी वेगळा वेळ काढला नाही. काढला असता तर चार दिवसांत सुटला असता. सकाळी चहा उकळेपर्यंत ओटा धरून एकेका पायावर उभी राहते. संध्याकाळी दिवा लावला की खुर्चीतून दहा वेळा ऊठबस, जरा थांबून परत दहा. आता ३० सेकंदांत १२ होतात. आषाढीला खांब न धरता उठले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या भजनी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. भजन संपल्यावर टाळ ठेवले की घरी जायच्या आधी दहा मिनिटं हेच करा. खुर्ची भिंतीला टेकवा. उठताना चक्कर येत असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आम्ही दर गुरुवारी सुरू केलंय, सध्या सात जणी आहोत. जाऊबाईही वॉकर घेऊन येतात आणि बसल्या जागी एकेक पाय उचलतात.

आपली,
एक भजनकरी वाचक, वडगाव, बेळगाव