काड्यांचं छप्पर घालणाऱ्या बेनना

प्रिय बेन,

वाचनालयातली सगळी मुलं तुम्हाला बेन म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्ही गुजराती असून मराठी किती आवडीने वाचता, ते मी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा तिसरीत होता, गुजराती माध्यमात. घरी मराठी बोलायचा, पण आजीने मराठी पुस्तक पुढे केलं की उठून जायचा. एका शिकवणीत चारचौघांत त्याच्या वाचनाला हसले होते, तेव्हापासून मोठ्याने वाचायचं म्हटलं की त्याचा आवाजच बसायचा.

तुम्ही त्याला 'वाच' म्हणालाच नाहीत. चटईवर पुठ्ठ्याची गुजराती अक्षरं पसरलीत आणि हातात खराट्याच्या काड्या दिल्यात. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, म्हणून 'मगर' मांडायचं, वर आडवी काडी ठेवायची, झालं मराठी! मगर आपल्या विश्वामित्री नदीतली, त्यामुळे मुलं आधीच खूश. मग वड, पवन, नगर. क, ख, च, ज, ब मात्र छप्पर घालूनही मराठी होईनात. मुलांनी त्यांचं नाव 'हट्टी' ठेवलं आणि त्यांच्यासाठी वेगळा डबा केला. त्या डब्यातली अक्षरं ओळखता ओळखता माझा मुलगा पाट्या वाचायला लागला, मग गोष्टी. कधी, ते मलाही नेमकं सांगता येणार नाही.

गलका होतो म्हणून पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांनी तक्रार केली, तेव्हा तुम्ही चटई ओसरीत नेलीत. खेळ बंद केला नाहीत. बेन, त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

आणि इथल्या, बडोद्यातल्या मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची ती सहल! कपाटांमधली काचेची जमीन बघून मुलं पाय टाकायलाच घाबरली. उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून ती काचेची, हे तुम्ही सांगितलंत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं पाठवली, हेही सांगितलंत. पण माझ्या मुलाच्या मनात एकच गोष्ट राहिली. कवळाणे गावाहून बडोद्याला दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांच्या सयाजीरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी आल्या आल्या म्हणाला, "आई, महाराजांना बाराव्या वर्षी येत नव्हतं. मी तर अजून नऊचाच आहे!" शिकवणीतलं ते हसणं त्या दिवशी त्याच्या मनातून गेलं असावं.

आता दिवेलागणीला तो आजीला वाचून दाखवतो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तिला त्याचाच आधार. मध्येच एखादं हट्टी अक्षर आलं की थांबतो. आजी घाई करत नाही.

परवा तो सांगत होता, तुमच्याकडच्या काड्या तुटत आल्यात. सोमवारी त्याच्याबरोबर नवा खराटा पाठवते आहे.

तुमची,
दांडिया बाजारातली एक आई