‘पचते’ म्हणणाऱ्या पोराची काळजी करा

महोदय,

दारूवरच्या आपल्या वृत्तमालिकेवर एका वाचकाचे पत्र आले आहे. अमुक समाजाच्या ‘रक्तातच दारू आहे’, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीवर पैसा घालणे वाया, असा त्याचा सूर. तासगावात मी वर्षानुवर्षे जीवशास्त्र शिकवले. हे वाचून गप्प बसवेना.

आनुवंशिकता खोटी नाही. कुणाला व्यसन जडते, कुणाला नाही, या फरकात तिचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांवरून साधारण निम्मा धरतात. पण ‘दारूचे जनुक’ असे एकच एक नाही. अनेकांचा थोडाथोडा हात असतो आणि त्यांतली सर्वांत ठळक जी, ती उलट माणसाला वाचवणारी आहेत. दारूचे यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, मग अ‍ॅसिटेट. जपान, चीन, कोरियातल्या बऱ्याच लोकांत दुसऱ्या पायरीचे एएलडीएच-२ हे विकर (एन्झाइम) जन्मतःच लंगडे असते. मधले विष साचते; एका पेल्यात तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. व्यसनमुक्तीची डायसल्फिरामची गोळी हेच घडवून आणते. भारतात हा प्रकार एकूण दुर्मीळच. म्हणजे आमच्या तासगावात हे कवच वाड्यातही नाही आणि वस्तीतही नाही. मग कुणी कुणाच्या रक्ताकडे बोट दाखवायचे?

शिवाय कवचही अभेद्य नाही. जपानमधल्या दारूच्या व्यसनी रुग्णांत हे विकर लंगडे करणाऱ्या जनुकाची एक प्रत असणारे १९७९ मध्ये अडीच टक्के होते, १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेवढ्या काळात जनुके बदलत नाहीत, पिण्याचे रिवाज बदलतात. आपल्याकडच्या बाया आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद पाडतात, त्या काही अडाणी नाहीत.

खरी भीती आहे तिथे मात्र आपण टाळ्या वाजवतो. हळदीची रात्र, मांडवामागे ट्रॉलीत कागदावर पसरलेला चकणा, आणि विशीतला पोरगा क्वार्टर संपवून ताठ उभा. “गड्याला चढतच नाय!” वर एखादा चुलता पाठ थोपटतो, “बापावर गेलाय.” तो बाप यकृत जाऊन मेलेला असतो, तरीही.

अमेरिकेत सॅन डिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शकिट यांनी व्यसनी बापांच्या विशीतल्या मुलांना मोजून दारू दिली आणि पुढे सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. ज्यांना तेव्हा फारच कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनाधीन झाले होते. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. कारण उघड आहे. थांब म्हणून सांगणारी गरगर ज्याला उशिरा येते, तो पुढचा पेला भरतोच. आणि हे १४ टक्केही त्याच व्यसनी बापांचे मुलगे. त्यामुळे ‘बाप पीत होता’ एवढ्यावर स्थळ मोडणाऱ्यांनीही जरा थांबावे.

तेव्हा विनंती अशी, की समाजाच्या नावाने रक्त काढणारी पत्रे छापू नयेत. त्या जागेत सांगली-मिरजेत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या आणि घरच्यांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनच्या सभा कुठे, किती वाजता होतात, ते दर रविवारी छापावे. नाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत, हेही लिहावे. बायका त्यावाचूनच अडतात.

— एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)