ही चारशे पोती आता कोणाच्या ताटात जाणार?

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री, भारत सरकार

माननीय महोदय, स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी आमची हळद नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरातून परत आली. 25 किलोची 400 पोती, दहा टन पावडर. नमुना काढण्यासाठी काही पोत्यांना भोकं पाडलेली, वर चिकटपट्टी मारलेली. माझ्या आईने अशाच एका पोत्यातून चिमूटभर हळद तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "चांगली तर हाय की रे. कशानं नाही म्हणले?" तिला मला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतो.

तिच्यात क्लोरपायरीफॉस नावाचं कीटकनाशक निघालं. किलोला 0.03 मिलिग्रॅम. युरोपची मर्यादा 0.01. मर्यादेशी माझं भांडण नाही. आपल्या लेकरांच्या पोटात काय जावं हे ठरवायचा त्यांना हक्क आहे. त्यांनी 2020 मध्ये हे औषध बंद केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अन्नातली त्याची मर्यादा 0.01 वर आणली. इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट आमच्या गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत पोचली नाही.

आमच्या गटात 43 शेतकरी आहेत. त्यातल्या एकाच्या रानात भादव्यात हळदीचा कंद पोखरणारी कंदमाशी आली. तो दुकानात गेला, दुकानदाराने बाटली दिली, त्याने आळवणी केली, म्हणजे औषध पाण्यात कालवून झाडांच्या बुडाशी ओतलं. औषध कुठल्या पिकांसाठी ते बाटलीवर छापलेलं असतं, तीच बाटली मी नंतर हातात घेऊन वाचली. कापूस आहे, ऊस आहे, भात आहे, हळद नाही. अक्षर एवढं बारीक की चष्मा लावूनही मला उन्हात जाऊन वाचावं लागलं. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो रोज डोळ्यासमोर येतो आणि मान खाली घालून निघून जातो, तेवढं मला पुरे आहे.

तुम्ही म्हणाल, पाठवण्याआधी तपासणी का केली नाही? केली होती. पैसे मोजून केली. अहवालात क्लोरपायरीफॉससमोर "आढळले नाही" असं लिहून आलं. माल अडकल्यावर एका जाणकाराने तोच अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या पानावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. त्या तपासणीत 0.05 च्या खालचं मोजलंच जात नव्हतं! मर्यादा 0.01 ची आणि तपासणी 0.05 पर्यंतची. अहवालावर सही आहे, शिक्का आहे. प्रयोगशाळेला फोन केला तर म्हणाले, तुम्ही कुठल्या देशासाठी ते सांगितलं नव्हतं. अर्जावर मी युरोप लिहिलं होतं, त्याची प्रत माझ्याकडे आहे.

तिकडे बंदरावर पडलेल्या दिवसांचं भाडं, तपासणीचा खर्च, परतीचं भाडं मिळून साडेसहा लाख गेले. बायकोचे दागिने सोसायटीत गहाण आहेत. गटाच्या बैठकीला आता नऊ जण येतात.

14 जानेवारी 2025 ला, ऐन संक्रांतीला, निजामाबादला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं. मी ते मोबाईलवर पूर्ण पाहिलं. घरात हळदीकुंकू होतं, बायकांनाही बोलावून दाखवलं. त्यानंतर आमच्या भागातल्या मेळाव्यात दिल्लीहून आलेल्या एका साहेबांनी माइकवरून शब्द दिला की काढणीआधी गावातच नमुने घेतले जातील, शेतकऱ्याला खर्च पडणार नाही. त्या शब्दावर आम्ही ऑर्डर घेतली. एकही माणूस नमुना घ्यायला आला नाही. मी चार पत्रं लिहिली, एकाचीही पोच नाही.

2030 पर्यंत हळदीची निर्यात एक अब्ज डॉलरवर न्यायची असं सरकार सांगतं. सरकारचाच आकडा घ्या. 2022-23 मध्ये 1 लाख 53 हजार टन हळद आणि हळदीचे पदार्थ गेले, मिळाले 20 कोटी 70 लाख डॉलर. करा भागाकार. किलोला दीड डॉलरसुद्धा पडत नाही. जगाच्या हळदीच्या व्यापारात निम्म्याहून जास्त माल आपला, आणि भाव हा! चांगला भाव देणाऱ्या बाजाराचं दार 0.01 चं आहे आणि त्या दारापर्यंत आम्हाला कोणी हात धरून नेत नाही. अमेरिकेने हळदीवर पेटंट दिलं तेव्हा डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, लढून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. तेव्हा देश हळदीच्या मागे उभा राहिला होता. आज हळद पिकवणाऱ्याच्या मागे कोण आहे?

मे 2020 मध्ये केंद्राने 27 कीटकनाशकं बंद करायचा मसुदा काढला. क्लोरपायरीफॉस त्यात होतं. 2023 च्या अंतिम आदेशात पूर्ण बंद झाली तीन, आणि हे सुटलं. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतू मारायचं रसायन पकडलं, तेव्हा मे महिन्यात तिकडे जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची झाली. आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, भारतात ज्यांची नोंदणीच नाही अशा कीटकनाशकांची मसाल्यांतली मर्यादा 0.01 वरून 0.1 केली. दहापट सूट! परक्याच्या ताटासाठी सक्ती आणि आपल्या लेकराच्या ताटासाठी सूट, हा कुठला न्याय आहे साहेब?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्या औषधाने माल परत येतो त्याची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक कृषी सेवा केंद्रात लावा. प्रयोगशाळेने अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावं की आमची तपासणी किती खालपर्यंत मोजते आणि कोणत्या देशाला चालते. आणि काढणीआधीचे नमुने घेण्याचा दिलेला शब्द पाळा.

काल एक व्यापारी येऊन गेला. पोती न उघडताच म्हणाला, इथे कोण विचारतंय, थोडा भाव कमी करा, उद्या गाडी लावतो. इथल्या कायद्यात बसते ही हळद, असंही म्हणाला. मला पैशांची नड आहे, 43 घरांना आहे. तरी मी हो म्हणालो नाही, कारण ही पावडर ज्या दुकानात जाईल तिथूनच माझी बहीण तिच्या लेकरांसाठी हळद नेते. गोदामाचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. त्याआधी या चारशे पोत्यांचं काय करू, एवढं लेखी कळवा.

आपला,
वसमत तालुक्यातील एक हळद उत्पादक