परिषदाच नाहीत, मग अधिकार द्यायचे कोणाला?

मा. संपादक,
स. न.

श्रीलंकेवरच्या आपल्या अग्रलेखाचा सूर असा की, कोलंबोने १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून आलेली, प्रांतिक परिषदांना अधिकार देणारी १३वी घटनादुरुस्ती पूर्णपणे अमलात आणली की तमिळांचा प्रश्न सुटल्यात जमा आहे. दिल्लीही १९८७ पासून तेच म्हणत आली आहे. पण ज्या प्रांतिक परिषदांना अधिकार द्यायचे, त्या परिषदाच आज अस्तित्वात नाहीत. अग्रलेखात याचा उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

उत्तर प्रांतात शेवटचे मतदान सप्टेंबर २०१३ मध्ये झाले. त्या परिषदेची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली. २०१९ पर्यंत उरलेल्या आठही प्रांतांची तीच गत झाली आणि तेव्हापासून नऊच्या नऊ प्रांतांचा कारभार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले राज्यपाल हाकत आहेत. यासाठी कोणी घटनादुरुस्ती रद्द केली नाही, परिषदा बरखास्त केल्या नाहीत. २०१७ मध्ये महिलांचे प्रतिनिधित्व वाढवायला म्हणून आणलेल्या विधेयकात ऐन वेळी निवडणुकीची पद्धतच बदलणाऱ्या तरतुदी घुसवल्या गेल्या. नव्या पद्धतीसाठी मतदारसंघांची फेररचना आवश्यक होती. तिचा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने १३९ विरुद्ध ० मतांनी फेटाळला. अहवाल मांडणाऱ्या मंत्र्यांचे मतही विरोधातच पडले! जुनी पद्धत गेली, नवी लागू होत नाही आणि निवडणूक आपोआप लांबणीवर. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राज पाहिलेल्या आपल्या वाचकांना हा प्रकार फोड करून सांगायला नको. फरक एवढाच की, आपल्याकडे नगरसेवक नव्हते. तिथे वांशिक संघर्षावरचा तोडगाच गुंडाळून ठेवला आहे.

कोलंबोच्या राजकारणात संघराज्याची मागणी म्हणजे फुटीरतेची पहिली पायरी, असे समीकरण रुळले आहे. खरे तर चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये तमिळांचा फेडरल पक्ष काढला, त्याच्या वीसेक वर्षे आधी ही मागणी सिंहलींनीच केली होती. १९२६ मध्ये पुढे पंतप्रधान झालेल्या तरुण बंडारनायके यांनी सिलोनला संघराज्यच योग्य, असे मांडले. पाठोपाठ कँडीच्या सिंहली पुढाऱ्यांनी ब्रिटिशांच्या डोनोमोर आयोगापुढे तीच मागणी ठेवली. हेच बंडारनायके १९५६ मध्ये ‘फक्त सिंहली’चा भाषा कायदा घेऊन आले. (त्याच वर्षी आपल्याकडे भाषावार राज्ये झाली. मराठी राज्यासाठी आपल्याला आणखी चार वर्षे झगडावे लागले, ते वेगळे.) १९५७ मध्ये त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करारही केला, पण एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी घरासमोर धरणे धरताच तो मोडला. त्या कराराविरुद्ध कँडीपर्यंत पदयात्रा काढायला निघाले होते ते पुढचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने. तीस वर्षांनी राजीव गांधींबरोबर करारावर सही करणारेही तेच. मधल्या काळात १९६५ चा जिल्हा परिषदांचा करारही असाच बारगळला. तमिळ पक्षांनी स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला तो १९७६ मध्ये, म्हणजे दोन करार मोडल्यावर आणि १९७२ च्या घटनेत देश एकात्म असल्याचे कोरले गेल्यावर.

१३व्या दुरुस्तीत पोलीस आणि जमीन हे विषय प्रांतांच्या यादीत आहेत. पोलिसांचे अधिकार कधी मिळालेच नाहीत. जमिनीचे सांगण्यासारखे आहे. २१ सप्टेंबर २०१३ रोजी उत्तरेत मतदान झाले, तमिळ आघाडीने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या. पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जमिनीवरचा अधिकार केंद्राचाच, असा निकाल दिला. त्याआधी २०१२ मध्ये गरिबी निर्मूलनाच्या ‘दिवि नेगुम’ विधेयकाच्या वेळी याच न्यायालयाने उलट बाजू घेतली होती. विषय प्रांतांचा असल्याने परिषदांची मते घ्या, आणि उत्तरेत परिषद नाही म्हणून राज्यपालाने तिच्या वतीने संमती देणे चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. जानेवारी २०१३ मध्ये त्या निकालातल्या सरन्यायाधीश शिराणी बंडारनायके यांच्यावर महाभियोग चालवून त्यांना पदावरून काढण्यात आले. आज नऊही प्रांतांत परिषदेच्या जागी राज्यपाल आहे, हे लक्षात घेतले की त्या निकालाचे मोल कळते.

तमिळ नेतृत्वाची बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. प्रांतांना खरे अधिकार देणाऱ्या घटनेच्या मसुद्यावर झटणारे नीलन तिरुचेल्वम यांना जुलै १९९९ मध्ये तमिळ वाघांच्याच (एलटीटीई) आत्मघाती हल्लेखोराने मारले. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या ७० हजारांच्या आसपास मुसलमानांना घरादारांतून हुसकावले. त्यामुळे उत्तर आणि पूर्व प्रांत एक करण्याची तमिळ पक्षांची मागणी पूर्वेकडच्या मुसलमानांना का झोंबते, हे समजून घ्यावे लागेल. ‘तमिळांचा प्रदेश’ म्हणून जो नकाशा आपण डोळ्यांपुढे आणतो, त्यात आणखी एक अल्पसंख्य समाज राहतो. स्वायत्ततेच्या कुठल्याही आराखड्यात त्यांच्यासाठी वेगळी हमी लागेल, आणि ती तमिळ पक्षांनी स्वतःहून द्यायला हवी.

१९८७ च्या करारासाठी आपणही कमी किंमत मोजलेली नाही. शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान तिथे मारले गेले. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले ते जाफन्यातल्याच लढाईसाठी. तेव्हा हा विषय श्रीलंकेचा अंतर्गत म्हणून सोडून द्यावा, असे मी म्हणत नाही. पण दर संयुक्त पत्रकात एक ठरलेली ओळ घालून आपले काम झाले, असे दिल्लीने समजू नये. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी कोलंबोत प्रांतिक निवडणुकांचा उल्लेख केला, हे योग्यच झाले. तारीख मात्र कोणी मागितली नाही.

राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांच्या जनता विमुक्ती पेरामुनाने १९८७ मध्ये या करारास हिंसक विरोध केला होता. करारानंतर झालेले उत्तर आणि पूर्व प्रांतांचे विलीनीकरण २००६ मध्ये न्यायालयातून रद्द करून घेतले तेही याच पक्षाने. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये जाफना जिल्ह्याने त्यांच्या आघाडीला सर्वाधिक मते दिली. तमिळ मतदाराने एवढे केल्यावर सरकारने निदान जुन्या पद्धतीने का होईना, निवडणूक घ्यायला हवी. २२५ च्या संसदेत त्यांचे १५९ खासदार आहेत. बहुमताची अडचण त्यांना तरी सांगता येणार नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली