वहीत बकऱ्यांची नावे लिहिणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमचा डोंगर राखण्याचे काम करून आपण आमचे गाव सोडून गेलात त्याला आता पाच आठवडे झाले. निरोपाचा कार्यक्रम ठेवायचा, शाल-श्रीफळ द्यायचे, पाहुणे कोणाला बोलवायचे, याची ग्रामपंचायतीत चर्चा चालू होती, तेवढ्यात आपली मंडळी पहाटेच्या एस.टी.ने निघून गेल्याचे समजले. खोलीचे भाडे चुकते केलेले, किल्ली शेजारच्या घरी दिलेली आणि समितीच्या कपाटात पाच वह्या नीट रचून ठेवलेल्या. त्यांतली हिरव्या पुठ्ठ्याची वही मी परवा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आलो तेव्हा उघडली, आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे. आपले आणि संस्थेचे नाव कोठेही छापू नये, असे आपण बजावून ठेवले होते. ते मी पाळतो. पत्र मात्र उघडपणे लिहितो, कारण आमच्याकडे चांगुलपणाची वाच्यता फार हळू आवाजात होते आणि फसवणुकीचे फलक मात्र चौकात लागतात.

फलकावरून आठवले. आपल्याआधी आमच्या डोंगरावर जे येऊन गेले, ते कोण आणि कुठले हे मी येथे लिहीत नाही. त्यांना स्वतःला ते ठाऊक आहे. २०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांत आमच्या धुळे जिल्ह्यातलेही होते. त्याच्या थोडे आधी ही मंडळी आली. भर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता बायांना मुरमात खड्डे खणायला लावले, सावलीला एक कापड बांधले नाही, तान्ह्या पोरांना कुठे निजवायचे हे विचारले नाही. रोपे आली ती पाऊस निघून गेल्यावर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत अर्धी वाळलेली. फोटो मात्र वेळेवर निघाले. पहिल्याच हिवाळ्यात रोपे संपली आणि त्यांची संख्या रंगवलेला पत्र्याचा फलक तेवढा उभा राहिला. आमच्या आईच्या बकऱ्या पुढे कित्येक महिने त्या फलकाला पाठ घासत असत. त्या योजनेचा प्रत्यक्ष लाभ झालेले लाभार्थी, माझ्या माहितीत, तेवढेच.

त्यामुळे आपण आलात तेव्हा गावाने आपले स्वागत केले नाही, याबद्दल मी क्षमा मागतो, पण आश्चर्य वाटून घेऊ नका. सिंदखेडा पट्ट्यातल्या माणसाला डोंगराचे गणित शिकवावे लागत नाही. वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, वर वीतभर मुरूम आणि खाली काळा कातळ. हा कातळ पाणी सहजी पोटात घेत नाही. झिजलेल्या थरात आणि फटींत मुरेल तेवढेच आपले, बाकीचे बुराई नदीतून तापीला. आमच्या गावामागचा डोंगर तर पूर्व-पश्चिम घातलेल्या भिंतीसारखा आहे. धुळे-नंदुरबार भागात अशा दगडी भिंती शेकड्यांनी आहेत आणि भूशास्त्राची माणसे त्यांना डाइक म्हणतात. भिंत उघडी पडली, गवत गेले, की पाणी थांबायचे कशाला? हे सगळ्यांना कळत होते. कळत नव्हते ते एवढेच, की डोंगर राखायचा तर त्याची किंमत कोणी मोजायची.

ती किंमत आमच्या आईने मोजायची होती. वडील गेल्यापासून तिच्याकडे कोरडवाहू दीड एकर आणि नऊ बकऱ्या. आपल्या पहिल्या ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा विषय निघाला, तेव्हा बागायतदारांनी माना डोलावल्या, कारण त्यांच्या विहिरी डोंगराच्या पायथ्याशी आहेत आणि बकऱ्या त्यांच्याकडे नाहीत. आई मागे, खांबाजवळ बसली होती. ती उठून म्हणाली, “तुम्ही डोंगर बंद करशात, मंग मन्या बकऱ्या काय हवा खातीन?” सभा हसली. मी तेव्हा सुट्टीवर आलेला, पुढे शिकलेल्या मंडळीत बसलेला होतो आणि खरे सांगायचे तर आई गप्प बसेल तर बरे, असे मलाही वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण कबूल न करता आभार मानणे म्हणजे अर्धेच आभार होतील.

आपण हसला नाहीत. आपण वही घेऊन सभेच्या मागच्या टोकाला गेलात, आईशेजारी जमिनीवर मांडी घातलीत आणि विचारलेत, “मावशी, तुमच्या बकऱ्यांची नावं काय?”

आईला वाटले, ही थट्टाच आहे. मग आपण पेन उघडून थांबला आहात हे तिने पाहिले आणि बोटांवर मोजत एकेक नाव सांगू लागली. कायी, तांबी, भुरी, मोरी, चांदनी, लंगडी. आपण लिहीत गेलात. वर्षाला कोणती किती पिले देते, कोणतीला डोंगराच्या कोणत्या कडेचा पाला आवडतो, लंगडी चढण किती चढू शकते, हेही विचारलेत. सभा दहा-बारा मिनिटे थांबून राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाची सभा माझ्या आईसाठी थांबलेली मी पाहिली.

परवा वही उघडली तेव्हा मला दिसले की, आपण ‘काळी’ लिहिलेले नाही, ‘कायी’ लिहिले आहे. ‘चांदणी’ नाही, ‘चांदनी’. आईने जसे उच्चारले तसे. ताई, शाळेत असताना बकरीवरच्या निबंधात मी ‘कायी’ लिहिले होते, त्याला लाल शाईचे वर्तुळ पडले, हातावर छडी पडली आणि वर्गाला ते वाचूनही दाखवले गेले. त्या दिवसापासून मी घरची अहिराणी घरातच ठेवायला शिकलो. आपण कोणत्या जिल्ह्याच्या हे मला माहीत नाही, पण आपली मराठी पुण्याकडची वाटते. आपल्याला ‘काळी’ लिहिणे अधिक सोपे होते. तरी आपल्या अक्षरात तो ‘य’ आहे. आधीच्या मंडळींच्या कागदावर आमचे घर ‘शेळ्या - ९’ एवढ्या जागेत मावले होते.

पुढचे सारे त्या वहीतूनच निघाले, असे मी मानतो. अख्खा डोंगर एकदम बंद न करता आधी एक अंग राखायचे, कपारीकडचा भाग आणि डोहाची वाट बकऱ्यांना मोकळी ठेवायची, दरवर्षी वाटेने जाणाऱ्या ठेलारी मेंढपाळ बांधवांशी आधी बोलून त्यांचा मार्ग ठरवायचा, आणि राखलेल्या भागातले गवत कापून डोक्यावरून आणण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई गेली त्यांना द्यायचा. बैठका किती झाल्या, भांडणे किती झाली, ते सांगत बसत नाही. झाडे लावण्याची घाई आपण केली नाहीत, याचे मात्र गावाला नवल वाटले. डोंगराला जरा एकटे सोडा, असे आपण म्हणत होता. आणि खरोखरच दुसऱ्या पावसाळ्यात तोडलेल्या बुंध्यांमधून अंजन आणि पळस आपले आपण फुटले. आधी नुसते कुसळी गवत होते. आता खालच्या अंगाला पवन्या आणि मारवेल हे चांगल्या चाऱ्याचे गवत दिसू लागले आहे, आणि या गवताचा भारा पाहिला की आई तो आधी हुंगते.

लामकानी गावाने गवत राखून दाखवले, बारीपाडा गावाने जंगल राखून दाखवले, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचत होतो. साक्री तालुक्यातल्या त्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद कोणाला झाला असेल तर आईला, कारण आपण काही वर्षांपूर्वी बायांची जी सहल तिकडे नेली होती तीत ती होती. ४०० हेक्टरांहून अधिक जंगल गावानेच राखलेले तिने पाहिले होते आणि तिथल्या वनभाज्यांची नावे ती अजून सांगते. सहलीला पंच आणि सदस्य नेण्याऐवजी आपण बकऱ्या आणि सरपण यांच्यामागे फिरणाऱ्या बाया नेल्यात, यावरून काही मंडळी रुसली होती. रुसू देत.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले चर, खणायला सुरुवात करण्यापूर्वी आपण डॉक्टरीणबाईंना बोलावून कामावर येणाऱ्या बायांचे रक्त तपासून घेतलेत. ज्यांच्या अंगात रक्त कमी निघाले त्यांना खणायला न लावता पाळणाघराच्या झोळ्यांपाशी बसवलेत, आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू सगळ्यांना सारखे वाटलेत. जमीन आणि माणूस ही दोन खाती वेगळी नसतात, हे भाषणात सांगणारे पुष्कळ भेटले. कुदळ हाती देण्याआधी बाईच्या डोळ्याची पापणी ओढून पाहणारे आपणच.

आमच्या खान्देशाला हे परके नाही, खरे तर. पांझरा नदीच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांचे, पिकाचा निर्णय सगळ्यांचा, आणि पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या. तिथे टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचले की नाही, यावरून पाटकऱ्याची किंमत ठरायची. तसाच सरळपणा आपल्या हिशेबात होता. दर अमावास्येला आपण मारुतीच्या पारावर खर्च वाचून दाखवत असा, अगदी चहापत्तीसकट. पहिल्या महिन्यात ऐकायला सहा जण होते. पुढे गर्दी होऊ लागली, ती आपल्या हिशेबासाठी नव्हे. आपला झाला की लोक ग्रामपंचायतीचा विचारू लागले, ते ऐकायला. हे काहींना रुचले नाही, हेही आपल्याला ठाऊक असेलच.

सगळे गोड झाले असे लिहून मी आपल्याला खजील करणार नाही. टँकर अजून येतो. पूर्वी फेब्रुवारीत यायचा, गेल्या वर्षी मे महिन्यात आला. वरच्या अंगाचे दोन बांध फुटले आहेत आणि रात्रीची कुऱ्हाड पूर्ण थांबलेली नाही. पण आता कुऱ्हाडीचा आवाज आला की बाया कंदील घेऊन निघतात.

आता त्या वहीतल्या ज्या ओळीने मला हे पत्र लिहायला बसवले, ती सांगतो. आमच्या घराच्या पानावर, लंगडीच्या नावापुढे, समासात बारीक अक्षरात आपण लिहिले आहे: “गेली. आषाढ. मावशींशी बोलायचे.” त्याखाली दुसऱ्या शाईत: “बोलले. बसले.” एवढेच. लंगडी गेल्याचे आईने मला फोनवर सांगितले होते आणि मी “म्हातारीच झाली होती ती” असे म्हणून विषय बदलला होता. आपण त्या दिवशी येऊन तिच्याजवळ बसला होतात, हे आईने मला कधी सांगितले नाही. परवा विचारले तर म्हणाली, “हाऊ, बठनी व्हती. काही बोलनी नही.”

आईचा एक निरोप आहे. कायीला आखाजीच्या आदल्या रात्री दोन पाठी, म्हणजे मादी पिले, झाल्या. वहीत त्यांची नोंद करायची तर ती आपल्याच हातची हवी, असा तिचा हट्ट असल्याने समितीच्या पोरांना तिने वहीला हात लावू दिलेला नाही. एकीचे नाव अजून ठरायचे आहे. दुसरीचे तिने ठेवले आहे. आपण फलक लावू दिला नाहीत, दगडावर नाव कोरू दिले नाहीत, सत्काराच्या आधी निघून गेलात; बकरीला काय नाव द्यावे यावर मात्र संस्थेचा काही नियम नाही, असे आईचे म्हणणे आहे. रोज संध्याकाळी ती आपल्या नावाने हाक मारते आणि ते पांढऱ्या कानाचे पाठरू उड्या मारत येते. आपल्याला दिलेल्या शब्दामुळे ते नाव मी येथे लिहीत नाही.

आपला नम्र,
कायीच्या घरचा धाकटा