जाम्याची गाठ कुठल्या बाजूला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेष पालटून वावरणाऱ्या नायकाच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांवर वाचकांची जी मतं येतात, त्यांत एक तक्रार हटकून असते: ‘नुसती दाढी वाढवली तर नायिका त्याला ओळखत नाही, हे कसं पटावं?’ तक्रार रास्त आहे, पण रोख चुकलाय. समईच्या उजेडात, चिकाच्या पडद्याआडून, आधी एकदोनदाच पाहिलेला माणूस ओळखू न येणं सहज शक्य आहे. खटकतं ते हे, की छावणीतले कारकून, चौकीदार, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार यांनाही काही संशय येत नाही. या मंडळींची भिस्त चेहऱ्यावर कधीच नव्हती. ती असे कागदांवर, घोड्यावर आणि कपड्याच्या गाठीवर.

आपल्या लेखकांचा आवडता काळ म्हणजे औरंगजेब दख्खनेत होता तो, १६८१ च्या अखेरीपासून १७०७ पर्यंतचा. मराठा तरुण मोगली स्वार बनून छावणीत शिरतो, मनसबदाराच्या मुलीवर जीव जडतो, वगैरे. पण मोगली फौजेत स्वाराचा ‘चेहरा’ लिहून ठेवत. नाव, बापाचं नाव, गाव, वय, वर्ण, अंगावरचे तीळ आणि व्रण. घोड्याचंही असंच वर्णन, शिवाय त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग. अकबराच्या काळात बसलेली ही घडी, बोगस हजेऱ्या रोखण्यासाठी. तेव्हा नायकाला नुसते कपडे पुरत नाहीत, दुसऱ्याची नोंदच गिळावी लागते. मेलेल्या स्वाराचा घोडा पळवला तर डाग जुळेल, पण कागदात लिहिलेला भुवईवरचा व्रण कुठून आणणार? हजेरीच्या आदल्या रात्री तो स्वतःच्या कपाळावर सुरी टेकवतो की कारकुनाला पैसे चारतो, यात तीन प्रकरणं उभी राहतात. आणि लेखक काय करतो? ‘त्याने पहारेकऱ्यांना शिताफीने चकवले’ असं एक वाक्य टाकून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट जाम्याची, म्हणजे बगलेशी बंद बांधून घालायच्या लांब अंगरख्याची. त्या काळात मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बगलेशी बांधत, हिंदू डाव्या. जुन्या लघुचित्रांत हे स्वच्छ दिसतं. आता नायकाचा विचार करा. दाढी राखली, बोली घोटली, पागोटं बदललं, पण पहाटे इशारत झाल्यावर अंधारात घाईघाईनं अंगरखा चढवताना जन्मभराची सवय बोटांत उतरते आणि गाठ पडते डावीकडे. नायिका समोर उभी आहे. ती गाठीकडे बघते, काही बोलत नाही, पुढे होऊन बंद सोडते आणि उजव्या बाजूला पुन्हा बांधून देते. एवढ्यात तिला कळलेलं असतं, त्यालाही ते समजतं, आणि आपण कोणावर जीव लावतोय याचा निर्णय तिनं डोळे उघडे ठेवून घेतलेला असतो.

वाचकांच्या दुसऱ्या वादाचं उत्तरही इथेच मिळतं. खोट्या नावानं मिळवलेलं प्रेम म्हणजे फसवणूकच, असं अनेक जणी लिहितात आणि मला ते मान्य आहे. लग्न लागेपर्यंत नायिका अंधारात असेल, तर पुढे नायकानं कितीही गड जिंकले तरी तो डाग जात नाही. ती आधी ओळखते आणि गप्प राहते, तेव्हा मात्र धोका दोघांचा होतो.

बैराग्याच्या वेषाबद्दल तर बोलायलाच नको. आग्र्याहून सुटका सगळ्यांना पाठ, म्हणून जो तो नायकाला भगवं नेसवतो आणि गळ्यात रुद्राक्ष घालतो. बैरागी वैष्णव: तुळशीची माळ, उभं गंध. रुद्राक्ष, भस्म, आडवे पट्टे हे शैव दशनामी गोसाव्याचं. नाक्यावरच्या साध्या शिपायालाही हा फरक कळत असणार. आणि कानफाट्या जोगी करायचा असेल तर कानाची पाळी नव्हे, मधली कूर्चाच चिरावी लागते. ती जखम एका रात्रीत भरत नाही.

चंद्राचंही भान ठेवावं. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे प्रत्येक तिथीला साधारण दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, उशिरा. वद्य अष्टमीला मध्यरात्र होते. आग्र्याची सुटका १७ ऑगस्ट १६६६ ची, श्रावण वद्य द्वादशी, म्हणजे चंद्र पहाटेकडे. तरीही वद्य पक्षात तिन्हीसांजेला ‘टिपूर चांदण्यात’ भेटणारी जोडपी छापून येतातच. काडेपेटीही अशीच, ती १८२६ नंतरची, त्याआधी चकमक. आणि पुण्याहून औरंगाबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, एकच घोडा ते एका रात्रीत कापत नाही.

एक विनंती. अशा कादंबरीवर मत कळवताना वाचकांनी पानाचा आकडा जरूर द्यावा: नायिकेला नायक कोण ते कळतं कितव्या पानावर? चारशेपैकी दीडशेव्या पानावर असेल तर पुस्तक मागवतो. तीनशे नव्वदाव्यावर असेल, तर वाचनालयातून आणून शेवट चाळला तरी पुरे.

आपला,
एक वाचक